फोन उचलेपर्यंतची दहा गाणी

माझ्या आवडत्या दहा गाण्यांपैकी एकाचाही शेवट मला माहीत न्हाय. शेवट सोडा, दुसरं कडवंपण न्हाय. कारण मी गाणी ऐकतो ती लोकांच्या फोनवर, त्यांनी उचलेपर्यंत.

सोलापुरात एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये मी काउंटरला बसतो. गाव मोडनिंबकडचं, शाळा तिकडंच झाली, मार्क सांगण्यासारखे न्हाईत. नोकरी लागली ती आवाजावर. लॅबच्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या मॅडम, त्यांनी विचारलं काय काय येतं, मी म्हणालो आवाज काढता येतात. एसटीच्या कंडक्टरचा काढला, लग्नात जेवायला बसवणाऱ्या माणसाचा काढला, आणि शेवटी, अंगात मस्ती असते ना, खुद्द मॅडमचा काढला. त्या हसल्या न्हाईत. उद्यापासून ये म्हणाल्या, आणि हे असलं पेशंटसमोर करायचं न्हाय म्हणाल्या.

काम सोपं हाय. रिपोर्ट तयार झाला की पेशंटला कळवायचं. ज्यांच्याकडं मोठा फोन हाय त्यांना पीडीएफ जाते. बटणाच्या फोनवाल्यांना मी फोन लावतो. म्हणजे माझ्या वाट्याला येतात म्हातारी माणसं, रानातली माणसं, विड्या वळणाऱ्या मावश्या. आणि ह्यांच्या फोनला कॉलर ट्यून असतेच. कुणी हौसेनं ठेवलेली नसते. कंपनीचा फोन येतो, ह्यांचं बोट कुठल्यातरी बटणावर पडतं, आणि गाणं बसतं ते बसतं. कॉलर ट्यून ही अशी चीज हाय की ज्याची त्याला ऐकू येत न्हाय. सगळं जग ऐकतं, मालक सोडून.

फोनवर काय बोलायचं तेही ठरलेलं हाय. "तुमचा रिपोर्ट तयार आहे, येऊन घेऊन जा." बास. चांगला हाय का वाईट, सांगायचं न्हाय. मॅडमचं म्हणणं, चांगला असला तरी सांगायचा न्हाय. कारण एकाला चांगला म्हणून सांगितलं, की ज्याला सांगितलं न्हाय तो समजून जातो. मला हे पटलेलं हाय. पण ह्याच नियमापायी गेल्या वर्षी एक माणूस चांगला रिपोर्ट हितं टेबलावर पडलेला असताना तिकडं मरायची तयारी करत होता, आणि मी त्याच्या फोनवरचं गाणं ऐकत होतो. ते माझं गेल्या वर्षीचं पहिल्या नंबरचं गाणं. ते आज सांगायचं हाय, पण एकदम तितं जायला जीभ रेटत न्हाय. खालनं सुरू करतो.

आमच्या लॅबमध्ये डिसेंबरच्या शेवटच्या संध्याकाळी माझा कार्यक्रम असतो. शटर अर्धं ओढायचं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल करायच्या, आणि मी रेडिओवाल्याच्या आवाजात वर्षाची दहा गाणी सांगायची. गाणं तोंडानंच वाजवायचं, जेवढं ऐकलं तेवढंच. मग मध्येच तोडून, फोन उचलणाऱ्याचा आवाज. खरी मजा त्या तुटण्यात असते. नंबर मी चालीवर देत न्हाय, चालीपेक्षा माणूस मोठा.

गेल्या वर्षी दहाव्या नंबरला एक रिक्षावाला होता. त्याचं गाणं दर्दभरं असणार असा माझा अंदाज हाय. अंदाजच, कारण तो इतका चटकन उचलतो की तबल्याची एक थाप ऐकू येते आणि लगेच "हां बोला, कुटं यायचं?" त्याला प्रत्येक फोन भाड्याचाच वाटतो. रिपोर्ट म्हटलं की त्याचा आवाज पडतो.

आठव्याला रिटायर हेडमास्तर. त्यांच्या फोनवर ढोलकी आणि घुंगरू, आणि एक बाई तिच्या पदराविषयी काय काय सांगत असते. आणि मग आतून शाळेच्या ऑफिसातला आवाज, "कोण बोलतंय? पूर्ण नाव सांगा." मी खुर्चीवर असूनसुद्धा उभा राहतो. सरांना कुणीच सांगितलेलं न्हाय. मीपण सांगितलं न्हाय. लोक सरांना फोन करताना हसऱ्या आवाजात का बोलतात, हे सरांना कोडंच असणार.

पाचव्याला एक भजन होतं, इतकं गोड की डोळे मिटावेत, आणि उचलणारा माणूस दर वेळी "कोण बे?" असं ओरडायचा. चौथ्याला सोलापूरच्या पूर्वभागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एका मावशीचं तेलुगू गाणं. ते मी तोंडानं वाजवलं की आमच्या अक्का डोक्याला हात लावतात. अक्का म्हणजे आमच्याकडं रक्त काढणाऱ्या बाई. त्यांच्या घरी मागावरचं काम, घरात तेलुगू. माग चालू असताना मोठ्यानं बोलायची सवय लागल्यामुळं त्या कानात सांगायची गोष्टपण चार घरांना ऐकू जाईल अशी सांगतात. मला तम्मुडू म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचं म्हणणं, मी त्या गाण्याचा असा काही खून करतो की मूळ गाणाऱ्यानं ऐकलं तर गाणं सोडून देईल.

दुसऱ्या नंबरला एका चाचांची कव्वाली. चाचा उचलायला वेळ लावायचे, त्यामुळं टाळ्यांपर्यंत पोचता यायचं. आणि मग, "क्या मियाँ, क्या निकला रिपोट में? मेरेकू बोल दो, नईं तो नींद नईं आती." मी म्हणायचो, या घ्यायला. ते म्हणायचे, आने को आता जी, मगर पहले बोल दो. मी बोलायचो न्हाय. माझा आवाज मी कडक करायचो, मॅडमसारखा. मला वाटायचं मी लई नियमानं चालणारा माणूस हाय.

आता पहिला नंबर.

दिवाळी झाल्यावर मंगळवेढ्याकडचे एक मामा आले होते. मेंढरंवाले. काखेत घोंगडं, हातात तिकडच्या डॉक्टरची चिठ्ठी. चालताना दम लागतो, पाय गळून जातात, म्हणून सगळं रक्त तपासायला सांगितलेलं. अक्कांनी रक्त काढलं, मी नंबर लिहून घेतला. फोन करतो म्हणालो. तेवढीच ओळख.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. रक्त जरा कमी, बाकी सगळं जागच्या जागी. मी फोन लावला.

आधी ढोलाचे दोन ठोके पडले. मग बराच वेळ काहीच न्हाय. मला वाटलं कट झाला. आणि मग एका बाईचा आवाज, मागं वाद्य न्हाय, काय न्हाय. गोड म्हणावा असा न्हाय तो आवाज. एका बांधावरनं दुसऱ्या बांधावर कुणालातरी बोलवावं तसा, लांबवत नेलेला. ती कुणाला तरी हाक मारते. नाव आता येणार, आता येणार असं वाटतं, परत ढोलाचा एक ठोका पडतो, ती दम घेते, आणि आपली ती कंपनीची बाई येते. आपण डायल केलेला नंबर सध्या उत्तर देत नाही.

मी परत लावला. नियमाप्रमाणं दोनदा लावायचाच असतो.

तिसऱ्यांदा लावला तो नियमात बसत नव्हता. हे मला तेव्हा माहीत होतं, आणि आत्ता लिहिताना कानाच्या पाळ्या गरम झाल्यात.

गाणं शोधायचा प्रयत्न मी केला न्हाय असं न्हाय. मोबाईलला ऐकवलं, त्यानं कुठलंतरी अंगाईगीत दाखवलं. स्टार दाबलं तर तेच गाणं आपल्या फोनला लागतं म्हणतात, तर माझ्या कंपनीकडं ते गाणंच नव्हतं. एकदा अक्कांचा फोन शेजारी ठेवून रेकॉर्ड केलं. पण रेकॉर्ड ऐकताना मजा येईना. फोनवर कसं, पुढच्या क्षणी मामा उचलतील आणि बाई तुटेल, ही धाकधूक असायची. रेकॉर्डमध्ये ती कितीही वेळा तितंच थांबणार हे ठरलेलं. मला वाटायचं, आज लावला तर एखादा शब्द पुढचा मिळेल. कंपनी कधी चुकून मिनिटभर जास्त वाजवेल.

मग मी रोज लावायला लागलो. सकाळी काउंटर उघडल्यावर एकदा, जेवणाच्या सुट्टीत स्पीकरवर. आणि खरं सांगायचं तर लावताना मी मनात म्हणायचो, उचलू नका मामा. झाडणाऱ्या मावशी फरशी पुसता पुसता ते हाक मारणं गुणगुणायला लागल्या. मीपण शिकलो. बाईचा आवाज काढायचा तर नाकात काढतात, मी पोटातनं काढला, आणि सगळे गप्प झाले. हसवायची सवय असलेल्या माणसाला असं गप्प करता आलं की चढते. ह्या वर्षीचा पहिला नंबर ठरला म्हणून मी जाहीरच करून टाकलं.

अक्कांनीच विचारलं एक दिवस, की हा रिपोर्ट अजून पडलाय कसा. मी म्हणालो पेशंट उचलत न्हाय. त्यांनी रिपोर्ट उघडून बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि लॅबच्या फोनवर त्या नंबरापुढं किती फोन गेलेत ते बघितलं. मी तो आकडा कधी बघत नव्हतो. त्यांनी मोठ्यानं वाचला न्हाय. अक्का एखादी गोष्ट मोठ्यानं बोलत न्हाईत म्हटल्यावर मला समजलं की काहीतरी बिघडलंय.

त्यांनी पिशवीतनं स्वतःचा फोन काढला आणि लावला. मामांना अनोळखी नंबर. लगेच उचलला. अक्कांनी नियम बियम काय ठेवला न्हाय. म्हणाल्या, मामा, रक्त काढलेली बाई बोलते, रिपोर्ट चांगला हाय, काय न्हाय झालेलं, रक्त जरा कमी हाय, गोळ्या लागतील, येऊन घेऊन जावा. मग मामांनी तेच परत सांगायला लावलं. अक्कांनी परत सांगितलं, अजून एकदा सांगितलं.

मामा आले ते धुतलेले कपडे घालून, दाढी करून. काउंटरला आले न्हाईत. गर्दी संपेपर्यंत बाकड्यावर बसून राहिले, मग उठून अक्कांकडं गेले. अक्कांनी कागद समोर धरून एकेक ओळ वाचून दाखवली. ही साखर, ही किडनी, हे लिव्हर, सगळं बरोबर. मामांनी विचारलं, "खरं सांगताय न्हवं, बाई? का म्हातारं म्हनून गप करताय?"

अक्का म्हणाल्या, खोटं बोलायचं असतं तर एवढ्या लांब बोलवून घेतलं नसतं.

मग मामा बसले आणि बोलायला लागले. त्यांच्या मेव्हण्याला असेच दवाखान्यातनं सारखे फोन यायचे. चार दिवस तो उचलत न्हवता, मग उचलला, आणि महिन्याच्या आत गेला. म्हणून लॅबचा नंबर दिसायला लागला, सकाळ-दुपार, तसं ह्यांनी मनाशी धरलं की लई वाईट निघालंय. साधं असतं तर एकदा फोन करून सोडलं असतं, एवढं मागं कोण लागतंय. उचलायचा धीर झाला न्हाय. फोन वाजला की तो घोंगड्याखाली ठेवायचे आणि त्याच्यावर हात ठेवून बसायचे.

आणि मग त्यांनी खांड वाटून टाकलं. खांड म्हणजे मेंढरांचा कळप. दोन पोरं हाईत, आपल्यामागं भांडणं नकोत म्हणून डोळ्यांदेखत निम्मी थोरल्याला, निम्मी धाकट्याला. प्रत्येकाच्या मेंढराच्या कानाला वेगळी खूण असते, कात्रीनं कापलेली. मामांची खूण त्यांच्या बापापासनं चालत आलेली. पोरांनी आपापली खूण घातली, जुन्या खुणेच्या शेजारी. थोरला त्याची मेंढरं घेऊन अकलूजच्या बाजूला गेलापण, ऊस तुटलेल्या रानात खतासाठी बसवायला.

मी मध्येच विचारलं की मग आता परत घ्यायची की मामा, त्यात काय.

मामांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. रागावले न्हाईत, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. कान एकदा कापला की कापला. मेंढरू परत आणता येतं, पण पोराकडं जाऊन तुझी खूण खोटी हाय, असं बापानं कोणत्या तोंडानं म्हणायचं.

आणि मग ते माझ्याकडं बघून असं बोलले की मला काउंटरखाली जावंसं वाटलं. म्हणाले, "पन तुमी लई केलं, सायेब. परक्या मानसासाटी इतकं फोन कोन करतंय. आमचंच काळीज लहान."

त्यांनी हात जोडले. मी आयुष्यात इतक्या लोकांच्या नकला केल्यात, पण हात जोडलेल्या माणसासमोर चेहरा कसा ठेवतात ते मला माहीत नव्हतं. अक्का माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी सांगितलं नसतं हे मला माहीत होतं, आणि मी सांगितलं न्हाय तर त्या मला परत तम्मुडू म्हणणार न्हाईत हेपण माहीत होतं.

मी तोंड उघडलं, तर आतनं मॅडमचा आवाज आला. खरंच. "असं आहे मामा, आमच्या पद्धतीनुसार..." माझं तोंडच मला न विचारता कडक झालं.

"तुझ्या आवाजात बोल," अक्का म्हणाल्या.

माझ्या आवाजात मला फार काही बोलता आलं न्हाय. मी म्हणालो, मामा, तुमच्या फोनवर एक गाणं हाय, ते मला आवडायचं, म्हणून लावत होतो. रिपोर्ट पहिल्या दिवसापासनं चांगला होता.

मामांना कळेना. कसलं गाणं? त्यांच्या फोनवर गाणं न्हाय. त्यांचा फोन फक्त वाजतो, सगळ्यांचा वाजतो तसा. मी समजावलं की ते फोन लावणाऱ्याला ऐकू येतं. त्यांनी अक्कांकडं बघितलं, अक्कांनी मान हलवली. मग मी लॅबच्या फोनवरनं त्यांचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. त्यांच्या खिशात फोन वाजला, त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. मी म्हणालो, उचलू नका.

ढोलाचे दोन ठोके. मग ते गप्प बसणं. मग ती बाई. मामा मान खाली घालून ऐकत होते, एक हात खिशावर. मी त्यांच्या चेहऱ्यावर बघत होतो की काही येतंय का. मला वाटलं असावं की गाणं त्यांना आवडेल आणि माझं थोडं हलकं होईल. इतका मी निर्लज्ज. बाईनं हाक लांबवली, दम घेतला, कंपनीची बाई आली, आणि दोन्ही फोन बंद झाले.

"एवढ्यासाटी व्हय?" मामा म्हणाले.

मी होय म्हणालो.

त्यांनी फोन खिशातनं काढून काउंटरवर ठेवला. म्हणाले, ते काढून टाका. मी त्याच फोनवरनं कंपनीच्या नंबरला मेसेज टाकला, बंद झाल्याचा उलटा मेसेज आला. अक्कांच्या फोनवरनं लावून बघितलं. नुसती रिंग. मामांनी रिपोर्टची घडी घालून घोंगड्यात ठेवली, गोळ्या कुटं मिळतील ते अक्कांना विचारलं, आणि एसटी चुकेल म्हणून निघाले. मला काही म्हणाले न्हाईत. शिवी दिली असती तर ती मी कार्यक्रमात वापरली असती, असं माझ्या डोक्यात आलं. हेपण लिहितो, कारण तेवढ्यात असलं डोक्यात येणारा माणूस मी हाय.

शेवटच्या संध्याकाळी खुर्च्या गोल झाल्या. मी रिक्षावाला केला, हेडमास्तर केले, चाचा केले. लोक हसले. दुसऱ्या नंबरानंतर मी बसलो. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, अरे ते हाक मारायचं राहिलं की. मी म्हणालो घसा बसलाय. मॅडम केबिनमधनं ऐकत होत्या, त्यांना कुणी काय सांगितलं होतं का ते मला माहीत न्हाय. दुसऱ्या दिवशीपासनं त्यांनी एवढंच केलं, की बटणाच्या फोनवाल्यांपैकी ज्यांना डॉक्टरनं पाठवलंय, त्यांचा रिपोर्ट त्या डॉक्टरकडंच पाठवायला लावला. माझे फोन निम्म्यावर आले.

मेंढरांचं काय झालं ते मला समजत नव्हतं. विचारायचं तर फोन लावायला पाहिजे, आणि त्या नंबरला फोन लावायचा मला हक्क उरला न्हाय असं वाटायचं. जानेवारीत एक दिवस राहवलं न्हाय. लॅबचा नंबर दिसला तर ते घाबरतील, म्हणून माझ्या स्वतःच्या फोनवरनं लावला. काय बोलायचं ते मी दोनदा म्हणून बघितलं होतं, माझ्याच आवाजात.

पहिल्याच रिंगला उचलला. मी आधी सांगितलं, लॅबमधला पोरगा बोलतो. आणि तितंच चुकलं. मागं मेंढरं ओरडत होती, वारा होता, पण मामांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

"रिपोट बदलला का?" त्यांनी विचारलं.

न्हाय मामा, म्हणालो, चांगलाच हाय, काय न्हाय झालेलं. मेंढरं परत मिळाली का, तेवढंच विचारायला लावला.

मामांनी सांगितलं. धाकट्यानं आपणहून खांड पुढ्यात आणून उभं केलं, म्हणाला तुमचंच हाय. पण कान त्याच्या खुणेचा, त्यामुळं मामा आता त्याच्याच मेंढरांमागं जातात, गड्यासारखं. तो गडी म्हणत न्हाय, पण आपल्याला कळतंय की. थोरल्याला विचारलं न्हाय. तो अकलूजकडनं अजून आलेला न्हाय, फोनवर बोलतो, बापाची तब्येत विचारतो, मेंढरांचं काढत न्हाय.

मी म्हणालो, मी येऊ का एकदा, थोरल्याला सांगतो की चूक माझी होती.

"तुमी काय सांगनार त्याला? गानं आवडलं म्हनून?"

मी गोळ्या घेताय का, असं काहीतरी विचारलं. घेतो म्हणाले. मग मी म्हणालो, बरं मामा, ठेवतो, सहजच केला होता.

"सहज करत जाऊ नगा, सायेब," मामा म्हणाले, आणि मेंढरांना कायतरी ओरडून त्यांनी फोन ठेवला.